मागीलदारचा बांबू काढायचा आहे? आधी हे वाचा

गावचं घर बरीच वर्षं बंद राहिलं की तीन गोष्टी हमखास वाढतात: वाळवी, रानमोडी आणि मागीलदारचा बांबू. पहिल्या दोघांचा बंदोबस्त आठवड्याभरात होतो, बांबूचा होत नाही. मुंबई-पुण्याहून परत येऊन घर उघडणारी किंवा नवा प्लॉट घेऊन कोकणात राहायला आलेली मंडळी कोयता घेऊन उत्साहाने सुरुवात करतात. दोन दिवसांत बेट आडवं होतं, फोटो काढले जातात, आणि पुढच्या जुलैत त्याच जागी भाल्यासारखे कोंब वर आलेले दिसतात.

आमचं घर देवगड तालुक्यात. काकांनी पश्चिमेच्या वाऱ्याला आडोसा म्हणून पिवळ्या बांबूची दोन रोपं लावली होती. वीस वर्षांत ते बेट एका बाजूने न्हाणीच्या भिंतीला आणि दुसऱ्या बाजूने विहिरीच्या कठड्याला भिडलं. आम्ही ते पहिल्यांदा तोडलं तेव्हा वाडीतले आबा गडग्यापलीकडून बघत होते. म्हणाले, "बाय, ह्येका नुसतो तोडून काय उपेग नाय. गड्डो काढूक व्हयो." तेव्हा ऐकलं नाही, आणि दोन पावसाळे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी कुठला बांबू ते बघा

बेटाच्या कडेला वीतभर खणा आणि जमिनीखालचा भाग उघडा करून बघा. आल्याच्या कुड्यासारखा जाड, आखूड, वाकडा गड्डा दिसला तर तो बेटाने वाढणारा बांबू. कोकणातला कळक, माणगा, चिवा, तसंच बागेत लावतात तो पिवळा बांबू, सगळे याच जातीचे. हे दरवर्षी बाहेरच्या अंगाला थोडं थोडं सरकतात, एकदम उडी मारत नाहीत. पण हरळीच्या मुळीसारखी लांब, सरळ, गाठीगाठींची दोरी जमिनीखालून पळताना दिसली तर तो धावणारा बांबू. अलीकडे नर्सरीतून 'दाट कुंपण होईल' म्हणून असली रोपं विकली जातात. हा एका पावसाळ्यात कित्येक फूट लांब जाऊन शेजाऱ्याच्या परड्यात डोकं काढतो. त्याच्या बाबतीत बेट काढण्याआधी सगळ्या दोऱ्या कुठवर गेल्यात ते शोधावं लागतं, नाहीतर मागे राहिलेला प्रत्येक तुकडा नवं बेट होतो.

काटेरी कळक असेल तर त्याच्या बुंध्याशी काट्यांच्या फांद्या इतक्या गुंतलेल्या असतात की हात आत जात नाही. तिथे निम्मं काम काटे ओढण्याचंच असतं. आणि कळकाला फुलोरा आलेला दिसला तर थोडं थांबा. फुलल्यावर बेट आपोआप मरतं. मात्र त्याचं बी खाली पडून पहिल्या पावसात गवतासारखी रोपं उगवतात, ती त्याच वर्षी उपटून टाका. तेव्हा बोटांनी निघतात.

सगळं काढायलाच हवं का?

हा प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. बेट घराच्या जोत्यापासून, विहिरीपासून, शौचालयाच्या टाकीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब असेल तर दर हिवाळ्यात विरळणी केली तरी पुरतं. व्हाळाच्या काठावर किंवा उतारावर असेल तर मी तर म्हणेन की काढूच नका. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे. अशा पावसात उतारावरची माती जी मुळं धरून ठेवतात, ती उपटली तर पुढच्याच आषाढात गडग्यासकट बांध खाली येईल. तिथे नुसती बाहेरची कड आवरती ठेवा.

जमीन कुणाची हेही आधी बघा. कोकणात सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावं असणं काही नवीन नाही, आणि बेट नेमकं सामायिक बांधावर असतं. भाऊबंदांना फोन करून, जमलं तर दोन ओळी लिहून घेऊनच कोयता उचला. बांबूवरून अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत.

परवानगीचं म्हणाल तर, 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होत होती. 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून वगळला. त्यामुळे खाजगी परसातला बांबू तोडायला वनखात्याचा परवाना लागत नाही. अपवाद एकच, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत 'खाजगी वन' असा शेरा असेल तर आधी वनखात्याच्या कचेरीत जाऊन विचारा.

कधी सुरुवात करायची

भातकापणी झाल्यावर. सगळ्या मार्गदर्शनात हे एक वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे.

बांबू पावसाळ्यात कोंब काढतो. त्या कोंबाला वर जाण्याची ताकद गड्ड्यात साठवलेल्या अन्नातून मिळते. काठी दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठते, पानं काढते, आणि मग पानांनी तयार केलेलं अन्न पुन्हा गड्ड्यात साठू लागतं. म्हणजे आश्विन-कार्तिकात गड्डा रिकामा झालेला असतो. त्याच वेळी वरचं सगळं कापलं तर त्याला भरपाई करायला पानच राहत नाही. एप्रिलमध्ये कापलं तर भरल्या कोठारावर घाव घातल्यासारखं होतं, जूनमध्ये तो दुप्पट जोमाने फुटतो.

शिवाय नोव्हेंबरात जमिनीत ओल असते. आपली तांबडी माती आणि खालचा जांभा फेब्रुवारीत इतका कडक होतो की पहार मारली तर ठिणगी उडते. गडीमाणसंही कापणी आटोपल्यावर मिळतात. आणि तोडलेला सगळा पाला-काठ्या वाळायला मे महिन्यापर्यंत, म्हणजे आगोटीच्या कामांपर्यंत, भरपूर ऊन मिळतं.

हात घालण्याआधी

बेटाखाली पाचोळ्याचा फूटभर थर असतो. त्यात फुरसं असू शकतं, मण्यार असू शकते, विंचू तर असतोच. फांद्यांवर चापडा नावाचा हिरवा साप असतो. तो पानात असा मिसळून जातो की नाकासमोर असला तरी दिसत नाही. आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आहे, चापड्यावर ती चालत नाही. म्हणून डोक्याच्या उंचीवरच्या फांद्या हाताने बाजूला सारू नका, लांब आकडीने हलवून मग पुढे व्हा.

पाचोळा पायाने उकरू नका. लांब दांड्याच्या दाताळ्याने थोडा थोडा ओढा, आणि तेही सकाळी आठ-नऊनंतर, चांगलं उजाडल्यावर. गमबूट, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांना चष्मा, एवढं लागतंच. चष्म्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तीच चूक ठरते. फांदी कापताना ती चाबकासारखी उलटते. शिवाय कोवळ्या काठीवरच्या पापुद्र्यांवर काळपट बारीक कूस असते, ती घामाने ओल्या मानेला लागली की दोन दिवस आग होते. अंगाला लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग धुवा.

साप चावला तर आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही करू नका. माणसाला आडवं, शांत ठेवा आणि 108 ला फोन करून सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात न्या. तांबड्या विंचवालाही हलक्यात घेऊ नका. त्याच्या दंशाने एके काळी कोकणात माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला तेव्हापासून ती भीती ओसरली, पण उपचार वेळेवर मिळाला तरच त्याचा उपयोग. दंशानंतर घाम, थंड पडलेले हातपाय, उलटी यातलं काही दिसलं तर घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही.

काठ्या तारेवर कललेल्या असतील तर महावितरणच्या लाइनमनला बोलावून पुरवठा बंद करून घ्या. ओल्या बांबूतून वीज वाहते.

तोडणी

बेटाचे शेंडे वर एकमेकांत गुंतलेले असतात. त्यामुळे बुंध्यात कापलेली काठी पडत नाही, तिथल्या तिथे लोंबकळते, आणि तिचं बुड अचानक सरकून पायावर येतं. म्हणून काम दोघांचं आहे: एकाने कापायचं, दुसऱ्याने बुडाला दोरी लावून बाहेर ओढायचं. ज्या बाजूने ओढून न्यायला मोकळी जागा आहे त्याच बाजूने सुरुवात करा. आधी सुकलेल्या काठ्या काढा, मग कडेच्या, मग आत शिरा. बेटाच्या मध्ये उभं राहून कापायला जाऊ नका.

वाकलेली काठी सर्वांत धोक्याची. तिच्यात ताण भरलेला असतो. बाहेरच्या, म्हणजे ताणलेल्या बाजूने थेट घाव घातला तर ती उभी चिरत जाते आणि चिरफळी तोंडावर येते. आधी आतल्या, दबलेल्या बाजूने करवतीने थोडा काप द्या, मग बाहेरून.

कोयत्यापेक्षा करवत बरी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोयत्याने काप तिरका बसतो. तिरक्या कापाचा खुंट म्हणजे जमिनीत रोवलेला खिळा. आमच्याकडे कामाला आलेल्या मुलाचा पाय त्यावर पडला, आणि खुंट रबरी चपलेतून आरपार गेला. करवतीने सपाट कापा, आणि गाठीच्या लगेच वर कापा. गाठीच्या वर पेरभर नळी ठेवली तर तिचा पेला होतो, त्यात पावसाचं पाणी साठतं, आणि आठवड्यात डासांच्या अळ्या वळवळू लागतात. मी एका पावसाळ्यात असे पेले मोजत बसले होते, चाळीसनंतर मोजणं सोडलं आणि सगळ्यांत माती भरली.

गड्डे खणून काढणार असाल तर मात्र खुंट हातभर उंच ठेवा, तो पुढे धरायला उपयोगी पडतो.

गड्डा काढणं

इथे घाई नको. बेटाच्या बाहेरच्या कडेपासून सुरू करा, कारण जिवंत, तरुण गड्डे तिथेच असतात. दीड फूट रुंदीचा चर खणत बेटाभोवती फिरा. बहुतेक गड्डे पहिल्या एक-दीड फुटातच सापडतात, त्याखाली नुसती केसाळ मुळं असतात आणि ती फुटत नाहीत.

पहिला गड्डा उघडा झाला की त्यावरची माती हाताने पुसून नीट बघा. एका अंगाने तो जाड होत काठीत गेलेला असतो, दुसऱ्या अंगाने निमुळता होत आपल्या आईच्या गड्ड्याला चिकटलेला असतो. हा निमुळता भाग म्हणजे त्याची मान. दोन्ही कुशींना चपटे, टोकदार डोळे असतात, हळकुंडावर असतात तसे, पण अंगठ्याएवढे. त्यातला एकेक डोळा म्हणजे पुढची एकेक काठी. आता पहार त्या मानेवर मारा. इतर कुठेही मारली तर पहार उसळते, मानेवर बसली तर 'खट्ट' आवाज होतो आणि आतला पांढरा गाभा दिसतो. मग खुंट धरून हलवा, गड्डा सुटतो. ही मान सापडायला मला चार दिवस लागले. सापडल्यावर एका सकाळी दोघांनी मिळून जेवढे गड्डे काढले तेवढे आधीच्या चार दिवसांत निघाले नव्हते.

बेटाच्या मधले जुने गड्डे लोखंडासारखे असतात आणि त्यांतला जोर बराचसा संपलेला असतो. तिथे नवीन बांधकाम करायचं नसेल तर ते राहू द्या. त्यांतून नंतर काडीसारखे बारीक फुटवे येतील, त्यांचं काय करायचं ते पुढे सांगते.

जेसीबीने काम लवकर उरकतं, हे खरं. पण तो यायला पाणंद रुंद हवी, गडगा पाडावा लागतो, आणि खाली पाण्याचा पाइप, सांडपाण्याची टाकी, विहिरीचं चिऱ्याचं बांधकाम असेल तर एका हिसक्यात नुकसान होतं. बेट मोकळ्या जागेत असेल तरच बोलवा, आणि चालकाच्या शेजारी स्वतः उभे राहा.

औषध मारण्याबद्दल खूप लोक विचारतात. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने 2022 मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे. शिवाय आपल्या परसात विहीर असते, आणि जांभ्याच्या भेगांतून पाणी कुठून कुठे जाईल याचा भरवसा नसतो. मीठ, डिझेल, ॲसिड ओतण्याचे सल्लेही मिळतील. त्याने बांबू मरेलच असं नाही, माती आणि विहीर मात्र नक्की खराब होईल. कृपा करून करू नका.

खणणं अजिबात शक्य नसेल तर सगळं जमिनीलगत कापून वर जाड ताडपत्री अंथरा, कडा फूटभर बाहेर घेऊन त्यावर चिरे ठेवा. कोंब ताडपत्री उचलतील, तेव्हा वरून पायाने दाबून मोडा. यातही गड्डा थकतो, फक्त वेळ जास्त लागतो.

एवढ्या पसाऱ्याचं करायचं काय?

तोडणीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, आणि नवखी माणसं इथेच अडतात. एका मोठ्या बेटाचा पसारा अख्खं खळं भरून टाकतो. पण त्यातला टाकाऊ भाग फार थोडा असतो. तोडतानाच वेगवेगळे ढीग घाला, नंतर निवडणं जमत नाही.

पक्क्या काठ्या वेगळ्या काढा. हिरवीगार, पांढरी भुकटी असलेली, बुडाशी पापुद्रा चिकटलेली काठी कोवळी, ती लगेच सुरकुतते आणि किडते. तीन वर्षांपुढची काठी मळकट दिसते, तिच्यावर दगडफुलासारखे डाग असतात, आणि कोयत्याच्या पाठीने ठोकली तर खणखणीत वाजते. माणगा असेल तर सिंधुदुर्गात त्याला गिऱ्हाईक आहे, कारण तो जवळजवळ भरीव असतो. गावात काठ्या उचलणारा व्यापारी कोण ते विचारा, तो स्वतः येऊन नेतो. पिवळ्या बांबूला फारसा भाव नाही, घरच्या कामाला ठेवा. काठ्या किडू नयेत म्हणून दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत आहे आणि ती खरोखर चालते: भुंगा ज्या पिठूळ अंशासाठी काठी पोखरतो तो पाण्यात उतरतो. मग सावलीत उभ्या करून वाळवा.

फांद्या आणि काटे परड्याच्या वईला उत्तम. काट्याची वई केली तर गुरं आत येत नाहीत. बारीक फांद्या पडवळ-दोडक्याच्या मांडवाला लागतात. इथे आमची एक चूक सांगते. पिवळ्या बांबूच्या हिरव्या काठ्या आम्ही मांडवाचे खांब म्हणून रोवल्या. जुलैत प्रत्येक खांबाच्या गाठीला पालवी फुटली, खाली मुळं धरली. एक बेट काढून नऊ बेटं लावली होती आम्ही. या बांबूची ओली काठी जमिनीत रोवू नका, पूर्ण वाळल्यावरच वापरा.

पाला गुरं खातात. उरलेला माडांच्या आणि पोफळींच्या आळ्यात आच्छादन म्हणून घाला. तो सावकाश कुजतो, म्हणून उन्हाळाभर ओल धरून ठेवतो. मात्र सुका पाला घराला लागून साठवू नका.

गड्डे मात्र कुठेही टाकू नका. ते माती झटकून, मुळं वर करून, उघड्या कातळावर पसरा. सड्यावरचं मार्च-एप्रिलचं ऊन त्यांचा जीव घेतं. मातीवर ठेवले तर एखादा पुन्हा रुजतो. मे अखेरीस ते वाळून हलके आणि भुरे झाले की कुऱ्हाडीने फोडून न्हाणीच्या चुलीला लावा. पाणी तापवायला असं सरपण नाही.

ढीग पेटवून मोकळं व्हायचा मोह होईल. बंद कांड्यातली हवा तापली की कांडं फटाक्यासारखं फुटतं आणि निखारा लांब उडतो. आपल्या चहूबाजूंना वाळलेलं गवत आणि मोहरलेल्या कलमबागा. एका ठिणगीने वणवा लागतो आणि शेजाऱ्याची वर्षाची कमाई जळते. चुलीत घालायची काठीसुद्धा आधी उभी फोडा. व्हाळात, खाडीत, कांदळवनात ढकलू नका. व्हाळात टाकलेला बांबू रस्त्याखालच्या मोरीत अडकतो आणि पहिल्या पावसात पाणी लोकांच्या घरात शिरतं. कांदळवनाला तर 2018 च्या उच्च न्यायालयाच्या निकालाचं संरक्षण आहे.

पुढचे तीन पावसाळे

पहिला कोंब मृगाच्या आसपास दिसेल. दर आठवड्याला एक फेरी मारा. कोंब गुडघ्याएवढा होऊ द्या, म्हणजे गड्ड्यातलं अन्न खर्च होतं, मग बाजूने लाथ मारा, मुळाशी मोडतो. पान फुटू द्यायचं नाही, एवढा एकच नियम. कोवळे कोंब भाजीला होतात. रायगडाकडे त्यांना वास्ते म्हणतात, गोव्याच्या बाजूला किल्ल. पण कच्च्यात विषारी अंश असतो, म्हणून चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या.

गणपतीत आमच्याकडे पाहुणे होते, तीन आठवडे मागीलदारी कुणी फिरकलं नाही. कोंब दिवसाला वीतभर वाढतो. गौरी गेल्यावर बघते तर आठ काठ्या पडवीच्या पन्हळीच्या वर गेलेल्या. चतुर्थीच्या धांदलीतही ही फेरी चुकवू नका, घरातल्या एखाद्या मुलाला नेमून द्या.

दुसऱ्या वर्षी पेन्सिलीएवढे, गवतासारखे झुबके येतात. लोकांना वाटतं संपलं, आणि तिथेच सोडून देतात. ते झुबके गड्ड्याला पुन्हा पोसतात. विळ्याने महिन्यातून दोनदा जमिनीलगत कापा. तिसऱ्या वर्षी तुरळक चार-पाच दिसतील.

मोकळ्या जागेत पहिल्याच वर्षी काहीतरी लावा, उघडी माती पावसाला देऊ नका. मी हळद, सुरण आणि कडेने केळी लावल्या. खणताना मोकळी झालेली माती त्यांना मानवते, आणि हळद काढायच्या निमित्ताने राहिलेले गड्ड्यांचे तुकडेही हाती लागतात. यंदाच्या हळदीबरोबर दोन निघाले, दोघांचेही डोळे वाळून काळे पडले होते.